नोकरी, दोन मुलं आणि ख्रिस्ती प्रेमकथा : काही महिन्यांच्या वाचनानंतर

यंदाच्या पावसाळ्यापासून मी इंग्रजीतल्या ख्रिस्ती कादंबऱ्या, त्यातही प्रेमकथा, नेमाने वाचते आहे. चर्चच्या महिला मंडळातल्या दोघी-तिघींनी विचारलं, "तुला वेळ कुठून मिळतो, आणि त्यात असतं तरी काय?" त्यांना तोंडी सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते. घरात नोकरी, शाळेत जाणारी दोन मुलं, सासूबाई आणि नवऱ्याची चाकणची शिफ्ट असताना हे वाचन कामाचं आहे का, हे मला सांगायचंय.

आधी वेळेचं. पिंपरीहून सिव्हिल कोर्टापर्यंत मेट्रोत बसायला मिळालं की एक प्रकरण होतं. संध्याकाळी धाकट्याच्या स्विमिंग क्लासबाहेरच्या बाकावर थोडं. आणि रात्री किंडलवर. खोलीतला दिवा बंद, धाकटा कुशीत, त्याचं डोकं माझ्या डाव्या हातावर; उजव्या हाताने किंडल धरायचं आणि त्याच अंगठ्याने पान उलटायचं. अक्षर मोठं करता येतं, उजेड पिवळसर करता येतो, त्यामुळे डोळ्यांवर ताण येत नाही. कागदी पुस्तक मला जास्त आवडतं, पण ऑनलाइन मागवलेल्या एका जुन्या प्रतीत शेवटची पानंच नव्हती आणि पैसे परत मिळायला फार मागे लागावं लागलं. तेव्हापासून ई-बुकच घेते. सुरुवातीची पानं फुकट वाचायला मिळतात आणि तेवढ्यावरून लेखिकेचा हात कळतो.

या कादंबऱ्यांमध्ये शेवट आधीच माहीत असतो, दोघांचं जमणारच. शयनगृहाच्या दाराशी लेखिका थांबते, शिवीगाळ नसते. बरेच लोक यालाच नावं ठेवतात. मला मात्र आई म्हणून हाच मोठा गुण वाटतो. मुलीची चाचणी परीक्षा आणि धाकट्याचा ताप एकाच आठवड्यात आला की पुस्तक चार दिवस बाजूला पडतं. परत उघडल्यावर धागा तिथल्या तिथे सापडतो, कारण इथे काय होणार यापेक्षा कसं होणार यावर सगळा भर असतो. शेजारी मूल झोपलेलं असताना मन घाबरं होईल असं काही वाचायला लागत नाही, हेही आहेच.

हार्लेक्विन या प्रकाशनाची 'लव्ह इन्स्पायर्ड' ही ख्रिस्ती प्रेमकथांची मालिका 1997 पासून चालू आहे. पुस्तकं आटोपशीर, दोनशे-सव्वादोनशे पानांची. लहान गाव, एकटा बाप, बऱ्याच वर्षांनी गावी परतलेली बाई, मध्ये एक गोड मूल. दमलेल्या आठवड्यात एखादं वाचायला बरं. ओळीने वाचली तर एकातली माणसं दुसऱ्यात मिसळायला लागतात. माझी खरी तक्रार प्रार्थनेबद्दल आहे. यातल्या बऱ्याच पुस्तकांत प्रार्थना केली की पाच पानांत उत्तर हजर. आमच्या घरी ताप चढतो तेव्हा आम्ही प्रार्थना करतो, औषध देतो, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवतो, आणि कधी कधी पहाटेपर्यंत काहीच उतरत नाही. ती रात्र ज्या लेखिकेला लिहिता येते, तिचंच पुस्तक माझ्याजवळ राहतं.

जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही 1979 ची कादंबरी तशी आहे. आजच्या ख्रिस्ती प्रेमकथांची लाट तिच्यापासून उसळली असं मानतात. मार्टी नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे नवी जमीन कसायला निघालेली असते. वाटेत नवरा अपघातात जातो, ती गरोदर, हातात काही नाही. त्याला पुरतात त्याच दिवशी क्लार्क नावाचा विधुर येऊन सांगतो, माझ्या छोट्या मुलीला आई हवी आहे, नावापुरतं लग्न कर. वसंतात गाड्यांचा तांडा पूर्वेकडे निघेल तेव्हा परत जायचं असेल तर मी भाडं देईन. म्हणजे बाकीच्या पुस्तकांचा जिथे शेवट होतो, तिथून हिची सुरुवात. मार्टीला स्वयंपाक येत नाही, ती जेवणाला पॅनकेकच करत राहते आणि क्लार्क काही न बोलता खातो. सगळ्या पुस्तकात मला सर्वात आवडलेली जागा तीच. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली. प्रेम म्हणजे पहिली नजरभेट, याच्याशी माझा आता फारसा संबंध उरलेला नाही. रात्रपाळीहून आलेला माणूस भांडी घासून ठेवतो, हे मात्र मला कळतं, आणि ओकबाईंना तेच लिहायचं आहे.

वाचताना पवित्र शास्त्रातली रूथ सारखी आठवत होती. तीही विधवा, परक्या मुलखात, सासूचा हात न सोडता बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडलेली कणसं, वेचणारी, आणि पुढे त्याच्याशीच लग्न करणारी. आणि आपल्याकडचं बघा. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' 1857 मध्ये आलं, विधवाविवाहाच्या कायद्याला जेमतेम वर्ष होत होतं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तीत यमुना नवऱ्याबरोबर फिरते, विधवांचे हाल बघते, मग स्वतः विधवा होते, आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. विधवा, श्रद्धा आणि दुसरा संसार, हा सगळा ऐवज अमेरिकेतल्या या लाटेच्या शंभरावर वर्षं आधी मराठीत छापला गेला होता. आज मात्र प्रार्थना मराठीत करणाऱ्या मला श्रद्धेची प्रेमकथा इंग्रजीत वाचावी लागते, याचं मनापासून वाईट वाटतं. खडकीतल्या किंवा पिंपरीतल्या ख्रिस्ती घरातलं लग्न, नाताळच्या आदल्या रात्रीच्या करंज्या, भजनाची पेटी, हे कोणीतरी लिहायला हवं. मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

आमिश म्हणजे अमेरिकेतले, जुन्या साध्या पद्धतीने राहणारे ख्रिस्ती लोक; त्यांच्यावरच्या कादंबऱ्या मला परक्या वाटतील असं वाटलं होतं, पण झालं उलटंच. बेव्हर्ली लुईस यांच्या 'द शनिंग' (1997) मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या केटीचं लग्न ठरलेलं असतं आणि माळ्यावर तिला तान्ह्या बाळाचा एक साटीनचा झगा सापडतो. साध्या कापडात राहणाऱ्या घरात साटीन आलं कुठून, इथून तिचं आयुष्य उसवत जातं आणि शेवटी समाज तिला वाळीत टाकतो. एका टेबलावर जेवायचं नाही, तिच्या हातून काही घ्यायचं नाही. हे पुण्यातल्या वाचकाला समजावून सांगायची गरजच नाही. 1890 मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याची कारवाई, झालं होतं, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये कायदा करावा लागला. केटीची आई दाराआड उभी राहते तिथे मी पुस्तक मिटून सासूबाईंना सगळी गोष्ट सांगितली. त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतल्यावर भावकीने पाणी तोडलं होतं. त्या रात्री त्या बराच वेळ बोलत होत्या.

एक गोष्ट पटत नाही. ख्रिस्ती प्रेमकथेत नायकाने लग्नाआधी ख्रिस्तावर विश्वास ठेवायलाच हवा, असा जवळपास नियम आहे. आधार पवित्र शास्त्रातल्या, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला, विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर 'विजोड होऊन जडू नका' हा. नियमाबद्दल माझं भांडण नाही. पण शेवटून दुसऱ्या प्रकरणात नायकाचं मन एकदम बदलतं आणि वाट मोकळी होते, हे मला श्रद्धेचा मान कमी करणारं वाटतं. आमच्या चर्चच्या मंडळीत आंतरधर्मीय लग्नं झालेली घरं आहेत. एकाच ओट्यावर उपासाची खिचडी आणि नाताळचा केक सांभाळणाऱ्या बायका मी रोज बघते. त्यांचा प्रश्न एका प्रकरणात सुटत नाही.

फ्रान्सीन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह' (1991) वेगळ्याच वजनाची आहे. पवित्र शास्त्रातल्या, बायको बेइमान झाली तरी तिला परत आणणाऱ्या होशेय संदेष्ट्याची कथा कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या शोधाच्या काळात आणलेली. लहानपणी विकली गेलेली एंजल, तिच्याशी लग्न करणारा मायकल, आणि तिचं पुन्हा पुन्हा पळून जाणं. मेट्रोत वाचू नका. लहान मुलीवरच्या अत्याचाराचे प्रसंग आहेत, मला मध्ये काही दिवस थांबावं लागलं. पण माफी किती महाग पडते हे इतकं कुणी दाखवलेलं मी वाचलं नव्हतं.

आठवीतली लेक परवा म्हणाली, "मम्मी, मला पण दे ना त्यातलं एखादं." तिला ओकबाईंचं दिलं, आमिशही चालेल. रिव्हर्सबाईंचं आत्ता नाही म्हणून सांगितलं, कारणही सांगितलं. बारावीनंतर दोघी मिळून वाचू असं ठरलंय. तिचं ओकबाईंचं निम्मं झालंय आणि क्लार्क गप्प का राहतो यावर तिचं माझ्याशी रोज भांडण चालू आहे.