माणशी परवाना की वापरानुसार बिल?

सॉफ्टवेअरचे बिल मुख्यतः दोन तऱ्हांनी येते. ग्राहकांची माहिती सांभाळणारे सॉफ्टवेअर विकणाऱ्या सेल्सफोर्ससारख्या कंपन्या माणशी परवाना विकतात, म्हणजे वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे ठरावीक रक्कम घेतात. ॲमेझॉनने २००६ मध्ये एस३ ही साठवणसेवा आणली, ती वापराल तेवढे भरा या हिशेबाने.

माणशी परवान्यात रक्कम आधीच कळते, बजेट बसवणे सोपे जाते. पण पैसा गुपचूप गळतो तोही इथेच. शंभर परवाने घेतले, सत्तर जणच लॉगिन करतात, तरी बिल शंभरांचेच. म्हणून मी सर्वांत आधी शेवटच्या लॉगिनची यादी मागवते आणि एचआरच्या यादीशेजारी ठेवून एकेक नाव जुळवते. नोकरी सोडून गेलेले लोक तिथे हमखास भेटतात. त्यानंतर नूतनीकरणाचे कलम वाचते. बरेच करार ३०, ६० किंवा ९० दिवस आधी लेखी नकार दिला नाही तर आपोआप पुढे सुरू राहतात. ती तारीख हुकली की घासाघीस करायला हातात काही उरत नाही, आणि याची मला खरोखर चीड येते.

वापरानुसार बिलात रिकाम्या खुर्चीचे पैसे जात नाहीत. मात्र सॉफ्टवेअरची एखादी चाचणी चुकून रात्रभर चालू राहिली तर महिन्याचे गणित कोलमडते. इथे वार्षिक आढावा कुचकामी. रोजचा आकडा, खर्चमर्यादेचा इशारा आणि प्रत्येक खर्चापुढे विभागाचे नाव हवेच.

माझा कौल असा: ईमेलसारख्या रोजच्या साधनांना माणशी परवाना. चढउताराच्या कामाला वापरानुसार बिल, पण इशारा लावल्यावरच.