डग्लस की रँडॉल्फ : आधी कोणाला गाठावं?

स्कॉटलंडच्या इंग्लंडविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात राजा रॉबर्ट ब्रूसनंतर कोणाबद्दल वाचावं, हा प्रश्न पडला की दोनच नावं समोर येतात : सर जेम्स डग्लस आणि मॉरे प्रांताचा अर्ल, म्हणजे बडा सरदार, थॉमस रँडॉल्फ. बहुतेक जण डग्लसकडे वळतात. मी म्हणेन, आधी रँडॉल्फ.

डग्लसचं आयुष्य सरळ एका रेषेत जातं. १२९६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने बेरिक या स्कॉटिश शहरात कत्तल केली, तेव्हा तिथला किल्ला डग्लसच्या वडिलांकडे होता. ते लंडनच्या टॉवरमध्ये कैदेतच वारले आणि वतन रॉबर्ट क्लिफर्ड या इंग्रज सरदाराच्या घशात गेलं. पोरगा पॅरिसला आणि मग बिशप लँबर्टन यांच्या आश्रयाने वाढला. वतन परत मागितलं, तर एडवर्डने साफ नाकारलं. १३०६ मध्ये तो ब्रूसला मिळाला आणि मरेपर्यंत त्याचाच राहिला. आपल्याच वाडवडिलांचा किल्ला जिंकून त्याने कोठारातलं धान्य आणि दारू एकत्र ओतली, त्यावर कैद्यांची मुंडकी उडवली आणि सगळं पेटवून दिलं. स्कॉट लोक त्याला ‘चांगला सर जेम्स’ म्हणत, इंग्रज ‘काळा डग्लस’. मला दोन्ही नावं खरी वाटतात. ब्रूस वारल्यावर त्याचं हृदय सोबत घेऊन तो निघाला आणि २५ ऑगस्ट १३३० रोजी स्पेनमध्ये तेबा इथे मुरांशी, म्हणजे तिथल्या मुसलमान सत्तेशी, लढताना पडला.

रँडॉल्फ असा सरळ नाही. तो ब्रूसचा भाचा. १३०६ मध्ये मेथवेनच्या लढाईत पकडला गेला आणि इंग्रजांच्या बाजूने मामाविरुद्ध लढू लागला. पुढे त्याला कैद करून ब्रूससमोर उभं केलं ते डग्लसनेच. तिथेही तो नमला नाही. उघड्या मैदानात लढायचं सोडून कपटाने का लढता, असं त्याने राजालाच सुनावलं, असं जॉन बार्बर हा जुना कवी सांगतो. पण पुढे तो ब्रूसच्या बाजूला आला, आणि मार्च १३१४ मध्ये याच रँडॉल्फने तीसेक माणसं घेऊन रात्रीच्या अंधारात एडिनबरोचा कडा चढून इंग्रजांकडून किल्ला घेतला. महिन्याभरापूर्वीच डग्लसने रॉक्सबरो घेतलं होतं, त्याची माणसं झगे पांघरून गुरांसारखी रांगत तटापाशी पोचली होती. मत बदललेला माणूस मला जास्त शिकवतो. शिवाय पोपने ब्रूसला राजा म्हणून मान्य करावं यासाठी पोपच्या तेव्हाच्या मुक्कामी, अविन्यॉंला जाऊन बोलणी करणारा रँडॉल्फच होता, आणि ब्रूसनंतर बालराजा दुसऱ्या डेव्हिडच्या नावाने राज्य चालवणाराही तोच.

घराण्याचं पाहायचं तर डग्लसकडे वारशाचा गुंता आहे. औरस मुलगा १३३३ मध्ये हॅलिडन हिलच्या लढाईत मारला गेला आणि अनौरस आर्चिबाल्ड १३८८ मध्ये डग्लसचा तिसरा अर्ल झाला. सत्ता आणि वतनांचं राजकारण आवडत असेल तर हे घराणं पुढे शतकभर पुरेल.

रँडॉल्फचे दोन्ही मुलगे लढाईतच गेले, थोरला तर बापानंतर तीनच आठवड्यांनी. पण त्याची मुलगी अ‍ॅग्नेस! १३३८ मध्ये नवरा घरी नसताना तिने डनबारचा किल्ला सॉल्सबरीच्या इंग्रज अर्लविरुद्ध जवळजवळ पाच महिने लढवला. सांगतात की, तटावर दगड येऊन आदळला की तिच्या दासी पांढऱ्या फडक्याने ती जागा झटकून काढायच्या. वेढा उठवून अर्ल रिकाम्या हाताने परत गेला.

थेट रणधुमाळी आणि एकनिष्ठा हवी असेल तर डग्लस घ्या, तुमची निराशा होणार नाही. तरीही ठरत नसेल, तर ब्रूसने इंग्रजांना हरवलं त्या बॅनकबर्नच्या लढाईचा पहिला दिवस वाचा, २३ जून १३१४. क्लिफर्डच्या घोडेस्वारांनी रँडॉल्फच्या भालाइतांना घेरलेलं पाहून डग्लसने मदतीला जायची परवानगी मागितली. राजा आधी नाही म्हणाला, मग तयार झाला. जवळ पोचल्यावर डग्लसला दिसलं की इंग्रजांची फळी डळमळते आहे. त्याने आपली माणसं तिथेच थांबवली. जिंकत आलेल्या रँडॉल्फच्या यशात त्याला वाटा नको होता.