भेंडी लावताय? पाकिटातलं हायब्रिड की घरचं निवडलेलं बी

ऊस तुटला की मोकळ्या रानात उन्हाळी भेंडी टाकणारे आपल्या करवीर-शिरोळकडं लय जण, आणि दरवर्षी सवाल एकच, हायब्रिडचं पाकीट आणू का परभणी क्रांती, अर्का अनामिका असलं सरळ वाण (ज्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच झाड येतं) लावून त्यातनंच बी धरू. मी दोन्ही करून बसलोय म्हणून लिहितो.

आधी एक घोळ मिटवा. हे दोन्ही सरळ वाण रानटी भेंडीचं रक्त घालून काढलेत ते केवडा रोग (पानं पिवळी पाडणारा) अडवायला, म्हणजे पांढरी माशी येते, रस पिते, पण झाड सहजासहजी पिवळं पडत नाही. तुडतुड्याचा, म्हणजे पानाचा रस शोषणाऱ्या बारक्या किडीचा, बंदोबस्त त्यात धरू नका. त्याला अडवते ती पानावरची लव, दाट केसाळ पानात त्याला अंडी घालायला अवघड जातं. पण केसाळ झाड म्हटलं की तोडणीच्या बाया कुरकुरतात आणि कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात गिऱ्हाईकाला गुळगुळीतच भेंडी पायजे.

हायब्रिडला माल एकसारखा, दर बरा. पण पाकिटातलं बी रंगीत दिसतंय ना, तो बहुतेकदा औषधाचा लेप असतो. सुरवातीचे तीन-चार आठवडे रान स्वच्छ दिसतं ते त्याच्या जिवावर. पहिल्या वर्षी मी ह्यालाच वाणाचा गुण समजलो, आणि महिन्यानं तुडतुड्यानं पानं वाटीसारखी वर वळायला लागली तेव्हा पळापळ. शिवाय त्याचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी झाडं दहा तऱ्हेची निघतात.

सरळ वाणात काम सावकाश. एक कोपरा फवारायचा नाही, भोवतीची पानं आकसली तरी जे झाड टवटवीत राहतंय त्याला सुतळी बांधायची, त्याचंच बी धरायचं, असं पाच-सहा हंगाम तरी. मधमाश्या शेजारच्या रानाचं पराग आणतात म्हणून उद्या फुलणाऱ्या कळीला आज संध्याकाळी कागदी पिशवी घालायची, हे लय किचकट आहे, खोटं कशाला बोलू.

फळ पोखरणारी अळी दोन्हीकडं सारखीच, किडकी भेंडी वेचून पुरणं आणि कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) काय चुकत नाहीत.

घरखर्च ह्याच भेंडीवर असेल तर यंदा गप हायब्रिड लावा. उसाचा आधार असेल तर माझ्यासारखं आठ गुंठे हायब्रिड आणि लांबच्या तुकड्यात दोन गुंठे अर्का. फक्त सुतळीवालं झाड तोडायचं नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आमच्या आईनं माझं दोन वर्षांचं बी भाजीत घातलंय.