शनिवारी होडी, सोमवारी ऑफिस: सेकंडहँड फोर व्हील ड्राइव्हसोबत १४ महिने

होडी नवऱ्याची, गाडी माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण गाडी घ्यायचं बोलणं निघालं की घरात प्रत्येक वाक्य ‘होडी ओढायला’ असं सुरू व्हायचं आणि रोज २४ किलोमीटर ट्रॅफिकमधून ऑफिस गाठणारी मी हिशोबातच नसायचे. शेवटी कागद घेऊन बसले. वर्षाचे जेमतेम २५ दिवस होडी, २३० दिवस ऑफिस, उरलेले दिवस शाळा, सामान आणि सासऱ्यांचा दवाखाना. कागद बघून नवरा गप्प बसला. थोडाच वेळ, पण बसला.

घेतली ती गाडी नऊ वर्षं जुनी, डिझेल, ऑटोमॅटिक, पाच सीटर, घेताना १,१८,००० किलोमीटर चाललेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इतक्या जुन्या गाडीचा स्वभाव कंपनीपेक्षा आधीच्या मालकाने ठरवलेला असतो, आणि तो मालक तुमच्या वाट्याला येणार नाही.

पहिला धडा वजनाचा. जाहिरातीत ‘२,००० किलो ओढते’ असं ठळक लिहिलेलं असतं. आमची होडी, ट्रेलर आणि वरचं सामान मिळून १,३५० किलो, म्हणजे प्रश्नच नाही असं वाटलं. मग दरवाजाच्या चौकटीवरची पट्टी वाचली. गाडी पूर्ण भरल्यावर कमाल २,४०० किलो आणि गाडी अधिक ट्रेलर मिळून कमाल ४,०००. म्हणजे गाडी भरलेली असेल तर मागे १,६००च, दोन हजार नाहीत! शिवाय २,००० हा आकडा ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तरच. नसतील तर फक्त ७५०. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: ट्रेलरचा दांडा गाडीच्या मागच्या टो बारवरच्या गोळ्यावर, म्हणजे टो बॉलवर, जो भार टाकतो, तो गाडीतल्या सामानातच धरायचा. आम्ही चौघं, बॅगा, टो बार आणि तो भार धरून गाडीत माणसं-सामान मिळून चालणाऱ्या ५५० किलोंतले ४७० संपतात. सासरे येणार असतील तर बॅगा होडीत जातात.

गाड्या बघायला भाच्याला घेऊन जायचे. त्याच्याकडे टॉर्च, टायरची खोली मोजायची पट्टी आणि कुणाचाही मुलाहिजा न ठेवण्याचा स्वभाव.

पहिली होती लॅडर चासीवरची (शिडीसारख्या मजबूत सांगाड्यावरची), लो रेंजवाली (अवघड वाटेसाठी हळू पण जास्त ताकदीचे गिअर असलेली), तीन टन ओढणारी. नवऱ्याचे डोळे चमकले. मी ती आमच्या ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नेऊन दाखवा म्हटलं. तीन वेळा मागेपुढे करून एक वळण पार पडलं. त्यात तिची फोर व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम. पुढचा-मागचा अॅक्सल, म्हणजे चाकांच्या जोडीचा आस, एकमेकांना घट्ट जखडतो, त्यामुळे कोरड्या डांबरावर ती वापरायचीच नाही, वापरली तर वळताना सगळी यंत्रणा पीळ खात राहते. म्हणजे पावसाळ्यात अर्धा रस्ता ओला, अर्धा कोरडा असताना दर वेळी मी लिव्हर ओढत बसायचं? चिखलात, दगडांत जाणाऱ्यांसाठी ती उत्तम. मला नको होती.

दुसरी दिसायला नवीकोरी. हिची पद्धत वेगळी: एरवी पुढची चाकं गाडी ओढतात, ती घसरली की मागच्या अॅक्सलजवळचा क्लच दाबला जातो आणि मागची चाकंही कामाला लागतात. रोजच्या वापराला हेच बरं. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवली, तर गाडी लंगडी असल्यासारखे हिसके देत होती. भाचा उतरला, टायरपाशी बसला.

“मावशी, पुढचे सात मिलिमीटर, मागचे चार.”

“मग? टायर बदलू की.”

“टायर बदलशील गं. आत जे झिजलंय ते कसं बदलशील?”

गणित त्याने तिथेच मोबाइलवर मांडलं. त्रिज्येत तीन मिलिमीटरचा फरक म्हणजे चाकाच्या एका फेरीत जवळजवळ १९ मिलिमीटर. किलोमीटरला साधारण ४७५ फेऱ्या होतात. म्हणजे दर किलोमीटरला पुढचा आणि मागचा अॅक्सल नऊ मीटरने चुकतात, आणि तो क्लच बिचारा ती तफावत घासत, तापत सोसत राहतो. विकणाऱ्याने ‘टायर तर नवीन आहेत’ हीच जमेची बाजू म्हणून सांगितली होती. तेव्हापासून मी चारही टायरचा मेक, साइझ आणि झीज आधी बघते, बोनेट नंतर.

तिसऱ्या गाडीच्या मालकाकडेही होडी होती, म्हणून नवरा जातानाच निम्मा विकला गेला होता. भाच्याने मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, तेल थोडं काढायला लावलं. दुधाळ, कॉफीसारखं. लांबून होडी ओढून आणलेलं गरम डिफरन्शियल थेट थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (हवा जायच्या छोट्या नळीतून) पाणी आत खेचलं जातं. मागच्या ब्रेकच्या नळ्यांवर गंजाचे पापुद्रे होतेच. त्या मालकाचं होडीवर प्रेम होतं, गाडीवर नव्हतं.

चौथी आमची, दुसरीसारख्याच पद्धतीची. हिच्या टो हुकाखाली रंग शाबूत होता, बॉलवर घासल्याच्या खुणा नगण्य, आणि वायरिंग चिकटपट्टीने जोडलेलं नसून कंपनीच्या हार्नेसचं, म्हणजे तयार वायरजोडणीचं, होतं. हे महत्त्वाचं, कारण तसं असेल तर ट्रेलर जोडल्याचं गाडीला कळतं. मागचे पार्किंग सेन्सर उगाच ओरडत नाहीत आणि स्थैर्य राखणारी यंत्रणा त्याप्रमाणे वागते. गिअरबॉक्सचं तेल मात्र ‘आयुष्यभराचं, बदलायचं नसतं’ असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं. आम्ही घेतल्या घेतल्या बदललं. काळं आणि करपट वासाचं निघालं. ओढकामात ऑटोमॅटिकचं तेल सगळ्यात जास्त तापतं. ते कुणाच्या आयुष्याएवढं टिकणार, हे विचारायला हवं होतं.

तरी एक गोष्ट नजरेतून सुटली. पाचव्या महिन्यात डॅशबोर्डवर दिवा लागला आणि मागची चाकं काम करेनाशी झाली. मागच्या क्लचला दाब देणाऱ्या छोट्या पंपाची जाळी गाळाने बुजली होती. त्या क्लचचं तेल वेगळं असतं, इंजिन ऑइलसोबत ते कुणी बदलत नाही. आधीच्या सर्व्हिसच्या कागदांवर त्याचा उल्लेखच नव्हता आणि आम्हीही तो शोधला नव्हता. जाळी साफ करून, तेल बदलून काम झालं. पंप जळला असता तर हा रिव्ह्यू मी वेगळ्या भाषेत लिहिला असता.

आता रोजचं. सीट उंच, पुढचं नीट दिसतं, सासऱ्यांना चढायला गुडघा फार वाकवावा लागत नाही. वळण घेताना थोडी झुकते. ऑफिसच्या रस्त्यावर लिटरला १३ किलोमीटर, होडी मागे असताना साडेआठ. फोर व्हील ड्राइव्हचं जादा वजन आपण रोज फुकट वाहतो, हे इंधन भरताना कळतं. डिझेलचा त्रास म्हणजे काजळी साठवणारा फिल्टर. तो जाळून साफ व्हायला मोकळ्या रस्त्यावर सलग वेळ लागतो आणि माझा प्रवास सिग्नलचा. ऑफिसला पोचून इंजिन बंद केल्यावरही पंखा घोंघावत असेल तर समजायचं, साफसफाई अर्धवट राहिली. मग संध्याकाळी बाहेरच्या हायवेने लांबून घरी येते. तेवढीच वीस मिनिटं एकटीने गाणी ऐकायला मिळतात. होडी ओढली की हे काम आपोआप होतं. तुमचं ऑफिस पाच-सात किलोमीटरवर असेल तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका, पेट्रोल बघा. हायब्रिड बघत असाल तर आधी कागद वाचा. अनेकींची ओढण्याची क्षमता फार कमी असते, काहींना ट्रेलर लावायची परवानगीच नसते.

ओढताना गाडी कशी आहे? शांत. पण सुरुवातीला नव्हती. पहिल्याच लांबच्या फेरीत ८० च्या पुढे ट्रेलर मागून शेपटी हलवल्यासारखा डोलायला लागला. ब्रेक न मारता, स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडला तेव्हा सावरला. मी गाडीला दोष दिला. घरी येऊन बाथरूममधला वजनकाटा आणला, त्यावर बरोबर उंचीचा लाकडी ठोकळा उभा केला आणि ट्रेलर आडवा समपातळीत ठेवून दांड्याचं तोंड त्यावर टेकवलं. काटा ३८ किलोवर थांबला. ट्रेलरच्या वजनाच्या पाच ते सात टक्के भार हवा, म्हणजे आम्हाला सत्तर-नव्वदच्या दरम्यान. होडीचं इंजिन पार मागे लटकत होतं, नांगर आणि साखळीही मागच्या कप्प्यात. नांगर, साखळी, पाण्याचे कॅन अॅक्सलच्या जरा पुढे सरकवले. ८४. त्यानंतर ट्रेलर एकदाही डोलला नाही.

आणि ज्यासाठी एवढा खटाटोप, ती चार चाकं वर्षातून मोजून काही मिनिटं लागतात. तलावाच्या उतारावर शेवाळ असतं. होडी ट्रेलरवर चढवून वर यायला लागलं की पुढची चाकं क्षणभर गरगरतात, मागून एक बारीकसा थड असा धक्का येतो आणि गाडी निमूट वर चढते. शेजारी दोन चाकांवर झगडणाऱ्याला चौघे ढकलत असतात, तेव्हा नवरा माझ्याकडे असा बघतो की जणू गाडी त्यानेच निवडली.

तक्रार एकच उरलीय. टो बॉल काढून ठेवता येतो, पण रविवारी रात्री तो काढायचं नवऱ्याच्या लक्षात राहत नाही. सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये डिकीतून डबा काढताना माझी नडगी बरोबर तिथेच आपटते. सध्या मी त्यावर एक जुना टेनिस बॉल कापून बसवलाय.