परदेशी प्लॅन, भवानी पेठेतलं लाकूड: घरी केलेलं फर्निचर तिन्ही ऋतू वापरल्यानंतर

आमच्या घरात सध्या आम्ही स्वतः केलेल्या चार वस्तू रोजच्या वापरात आहेत: जेवणाचं टेबल, त्याच्या जोडीचं बाकडं, पलंग आणि पुस्तकांची मांडणी. चारही अमेरिकन हौशी लोकांनी फुकट वाटलेल्या प्लॅनवरून केल्या, पण प्लॅनबरहुकूम एकही नाही. थंडी, उन्हाळा आणि पुण्याचा पावसाळा पाहून झाला आहे, तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही. टेबल आणि पलंग उत्तम निघाले. बाकड्यावर घरातले सगळे खूश आहेत. मांडणी चांगली आहे, पण तिच्या प्लॅनवर माझा राग आहे.

हे प्लॅन मुळात वाईट नसतात. कापायच्या तुकड्यांची यादी, कोणता तुकडा कुठे, कोणता स्क्रू किती लांब, सगळं चित्रांसकट असतं. आपल्याकडे हे कुणी लिहून ठेवत नाही, सगळं सुताराच्या डोक्यात असतं. अडचण अशी की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या गावातलं दुकान असतं. तिथे ‘टू बाय फोर’ मागितलं की वाळवलेलं, रंधा मारलेलं, कडा गोल केलेलं पाइन मिळतं आणि ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतं. ‘वन बाय फोर’ म्हणजे पाऊण बाय साडेतीन. प्लॅनमधला सगळा हिशेब या खऱ्या मापांवर उभा असतो. तिथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, म्हणून बऱ्याच प्लॅनमध्ये ते लिहिलेलंही नसतं.

भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधल्या वखारीत दोन बाय चार मागा, तुम्हाला खरोखरच दोन बाय चारच्या आसपास चिरून मिळेल. हिशेब घनफुटाचा: ७ फूट लांब, ४ इंच रुंद, २ इंच जाड तुकडा म्हणजे ७ गुणिले ४ गुणिले २ भागिले १४४, साधारण ०.३९ घनफूट. पण हे करवतीखालून निघालेल्या खडबडीत लाकडाचं माप. रंधा मारून घेतला की दोन्ही बाजूंचं मिळून दोन सूत जातं आणि हातात पावणेदोन बाय पावणेचार येतं. पैसे अर्थातच दोन बाय चारचे. (आठ सूत म्हणजे एक इंच. सुतार अजूनही सुतातच बोलतात, आणि एकदा कान सरावला की टेपवरच्या मिलिमीटरच्या रेघा मोजत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.)

पाव इंचाने काय बिघडतं? टेबलाच्या चौकटीचं काही नाही. दोन पायांमधली आडवी पट्टी प्लॅनप्रमाणे कापली आणि पाय जाड निघाले, तर टेबल चार सूत लांब होईल, कुणाला कळणारही नाही. ड्रॉवरचं मात्र तसं नाही. टेलिस्कोपिक चॅनेलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या लोखंडी पट्टीला) प्रत्येक बाजूला अर्धा इंच जागा लागते, म्हणजे ड्रॉवर त्याच्या खणापेक्षा बरोबर एक इंच अरुंद हवा. खणाचं माप पायांच्या जाडीवर ठरतं. तिथे प्लॅनमधला आकडा धरून चाललं की ड्रॉवर एक तर अडतो, नाही तर चॅनेलच्या पकडीतच येत नाही. म्हणून मी प्लॅनमधून फक्त बाहेरची लांबी-रुंदी-उंची घेते. रंधा मारून झालेलं लाकूड मोजून तुकड्यांची यादी नव्याने लिहिते आणि मधले तुकडे चौकट उभी राहिल्यावर जागेवर माप घेऊन कापते. आमच्या टेबलाला चमच्यांसाठी एक ड्रॉवर आहे. तो आजही एका बोटाने सरकतो.

आता टेबलाबद्दल, कारण खरी परीक्षा त्याचीच झाली. मूळ प्लॅनमध्ये लांब फळ्या शेजारी शेजारी जोडून वरचा पाट केलाय आणि दोन्ही टोकांना एकेक आडवी पट्टी सरळ स्क्रूने आवळून टाकली आहे. फोटोत देखणं दिसतं. पण लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, म्हणजे दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आटतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. ३६ इंच रुंद पाइनच्या पाटात या दोन टोकांमध्ये दोन-तीन सुतांचा फरक सहज पडतो. टोकाच्या पट्टीची मात्र त्या दिशेला लांबी येते, त्यामुळे ती जागची हलत नाही. दोघांना घट्ट बांधलं की कुणीतरी फुटणारच. माझ्या ऑफिसातल्या एकाने त्याच प्लॅनवरून जसंच्या तसं टेबल केलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या पाटाला टोकापासून हातभर चीर गेली.

आम्ही ती पट्टी ठेवली, पण जोडणी बदलली. पट्टीला खाच पाडली, फळ्यांच्या टोकांना जीभ काढून तीत बसवली, फेव्हिकॉल फक्त मधल्या फळीला लावलं आणि कडेच्या स्क्रूंची भोकं लांबट केली. खाच पाडायला राउटर लागतो, तो आमच्याकडे नाही. ते काम कोपऱ्यावरच्या सुतारकाकांनी करून दिलं. खालची चौकट आणि पाट यांच्यामध्येही घट्ट स्क्रू नाहीत. पट्ट्यांना लांबट भोकं आणि स्क्रूखाली वॉशर. आता गंमत अशी की टेबलाच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला तर कोणता महिना चालू आहे ते कळतं. मे महिन्यात पाटाची कड टोकाच्या पट्टीच्या आत, नखभर खोल गेली होती. ऑगस्टमध्ये तीच कड पट्टीच्या बाहेर आली, शर्टाची बाही अडकेल इतकी. येणारेजाणारे म्हणतात, ‘जरा चुकलंय का हो इथे?’ चुकलेलं नाही. ते तसंच हलायला हवं.

लाकूड वाळलेलं असणं हा त्यातला अर्धा भाग. वखारीतलं पाइन बहुतेक आयात असतं, पण ते उघड्यावर पडलेलं असतं. घरी आणून, थरांमध्ये रिपा घालून, पंख्याच्या खोलीत काही आठवडे ठेवावं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्याच. १२ टक्क्यांच्या वर आकडा असेल तर करवत लावू नये. पॅकिंगच्या पॅलेटचं लाकूड स्वस्त पडतं म्हणून कुणी घेणार असेल तर शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात नको.

बाकड्याची कथा सोपी आहे. प्लॅनमध्ये बसायला एकच फळी होती, ‘टू बाय ट्वेल्व्ह’ नावाची, म्हणजे खरी सव्वाअकरा इंच रुंद. पाय खाली सोडून बसणाऱ्यांना ती पुरते. आमच्याकडे सासूबाई बाकावर मांडी घालून बसतात, आणि खरं सांगायचं तर जेवण लांबलं की आम्हीही. म्हणून दोन फळ्या जोडून रुंदी १६ इंच केली आणि उंची १८ वरून १७ वर आणली. वर्षभरात जेवणापेक्षा भाज्या निवडायला, शेंगा सोलायला आणि दाराशी बूट चढवायलाच बाकडं जास्त वापरलं गेलं.

बाकड्याच्या आणि टेबलाच्या पायांबद्दल कुठलाच अमेरिकन प्लॅन बोलत नाही, कारण तिथे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसत नाहीत. पायाचं टोक म्हणजे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं. तिथून पाणी वर चढतं, पॉलिश सुटतं, मग काळा पट्टा दिसू लागतो. आम्ही पाय उलटे करून टोकांना अराल्डाइट जिरवलं आणि वर नायलॉनची बुटं ठोकली. पुसणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवसापासून पाण्याची कसर ठेवलेली नाही. अजून एकाही पायाला डाग नाही.

पलंगाचा प्लॅन ‘क्वीन’ गादीचा होता. तिकडची क्वीन ६० बाय ८० इंच. आमची गादी ६० बाय ७२. प्लॅनप्रमाणे केला असता तर पायथ्याशी आठ इंचांची खिंड राहिली असती. तेव्हा आधी गादी मोजा. आपल्याकडे लांबी ७२, ७५ आणि ७८ अशा तिन्ही मिळतात.

पलंगाखाली सामानाची पेटी का नाही केली, हा प्रश्न आलेल्या प्रत्येक पाहुण्याने विचारला. मुद्दामच नाही केली. बॉक्स बेडच्या सपाट प्लायवर गादी टेकली की खालून हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात गादीच्या पोटाला बुरशीचे ठिपके येतात. आमच्या जुन्या पलंगाला दर वर्षी यायचे. या प्लॅनमध्ये आडव्या पट्ट्या आहेत, मी त्यांच्यातली फट दोन इंच ठेवली. या पावसाळ्यात गादी उलटून पाहिली, स्वच्छ होती. हे काथ्याच्या गादीबद्दल. कापसाची गादी पट्ट्यांमधून खाली उतरते, तिला भोकं पाडलेली प्लायच बरी. खालची मोकळी उंची प्लॅनमध्ये फारच कमी होती, ती दहा इंच केली. केरसुणी जाते, दोन सुटकेसीही मावतात.

जोडणीसाठी बहुतेक प्लॅन पॉकेट होल सांगतात: जिग (भोकाला दिशा देणारा साचा) लावून १५ अंशांत तिरपं भोक पाडायचं आणि आतून स्क्रू मारायचा. पटकन होतं आणि मांडणी-टेबलाला पुरतंही. एक खबरदारी. त्याच्या स्क्रूंचं डोकं खालून सपाट असतं. ते मिळाले नाहीत म्हणून काळे जिप्समचे स्क्रू वापरू नका. त्यांचं डोकं खालून निमुळतं असतं, ते पाचरीसारखं लाकडात घुसून फोडतं, आणि जास्त आवळलं तर स्क्रूच तुटतो. प्लॅनमध्ये पलंगाच्या लांब पट्ट्याही अशाच जोडल्या होत्या. त्या पाहून सुतारकाका म्हणाले, “ताई, पलंग रोज हलतो. याला कुसू पाहिजे, नाहीतर बोल्ट.” कुसू म्हणजे एका लाकडाच्या टोकाला जीभ काढून ती दुसऱ्याच्या भोकात बसवणं; तेवढा हात आमचा बसलेला नाही. आम्ही बोल्ट घातले. उन्हाळ्यात लाकूड आटल्यावर पलंग किंचित कुरकुरायला लागला होता. पाना घेऊन सगळे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा आवळले, आवाज थांबला. स्क्रूच्या बाबतीत हे जमलं नसतं.

आता मांडणी. प्लॅनमध्ये पाऊण इंच पाइनच्या, ३६ इंच लांब फळ्या, मधे आधार नाही. फोटोत वर एक कुंडी, दोन पुस्तकं आणि एक मेणबत्ती. आमच्याकडे आई-बाबांनी साठवलेले तीस वर्षांचे दिवाळी अंक आहेत. एक खण आधी प्लॅनप्रमाणे करून, अंक भरून, खाली दोरी ताणून पाहिली, तर मधोमध झोळ आलेला. फळीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, पण तेवढं जाड लाकूड महाग आणि बोजड. त्यापेक्षा १९ मिमी प्लाय घेतली आणि प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची पाइनची पट्टी उभी चिकटवली. प्लायची कडही झाकली जाते आणि झोळही नाही. प्लाय घेताना आयएस ३०३ की आयएस ७१० (हे प्लायच्या भारतीय मानकांचे क्रमांक) ते विचारून घ्या. पहिली घरातल्या कोरड्या जागेसाठी चालते, दुसरी पाण्याजवळची. बाहेरच्या भिंतीला लागून ठेवणार असाल तर ७१०च घ्या, निदान मागच्या पाठीला तरी.

पॉलिशच्या बाबतीत आमच्या घरात दोन पक्ष आहेत. बाकड्याला जवसाचं तेल, टेबलाला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर. तेलाचा हात छान लागतो, ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा तेल चोळता येतं. पण हळद! बाकड्यावर आमटीचा थेंब पडला तो लाकडात मुरलाच. साबण, लिंबू, काही चाललं नाही. मग बाकडं खिडकीतल्या उन्हात ठेवलं तर काही दिवसांत डाग आपोआप फिका झाला, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. टेबलाला पीयू आहे म्हणून तिथे ओल्या फडक्यावर भागतं, गरम कुकर मात्र त्यावरही थेट ठेवत नाही. तेल वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात टाकाव्यात.

खर्चाचं विचाराल तर पहिल्या वस्तूत काही वाचत नाही. ड्रिल, गोल करवत, सँडर, जिग आणि कमी पडतातच असे क्लॅम्प, हे सगळं बोहरी आळीतून आणेपर्यंत टेबल तयार टेबलाच्या किमतीला गेलं. तिसऱ्या-चौथ्या वस्तूपासून फरक दिसतो. त्याच पैशात बाजारात जे मिळतं ते बहुतेक पार्टिकल बोर्डचं असतं आणि कडेने एकदा पाणी गेलं की बिस्किटासारखं फुगतं. सागवानात हेच केलं असतं तर खर्चाची गोष्टच वेगळी, आणि शिकणाऱ्या हाताने सागवान कापायला माझं मन धजत नाही.

जागा आणि आवाज ही मोठी अडचण. फ्लॅटमध्ये गोल करवत चालवता येत नाही, भुसा शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो. आम्ही सोसायटीच्या परवानगीने गच्चीवर काम केलं, दुपारी एक ते चार पूर्ण बंद. पुण्यात राहायचं आहे.

पुढे कपड्यांचं कपाट हवं आहे. त्याचेही प्लॅन बघितले, आणि ते काम सुतारकाकांना दिलं. सात फुटांची दारं बिजागरीवर वर्षानुवर्षं सरळ लटकत ठेवणं हे गच्चीवरच्या हौसेचं काम नाही, आणि बिनवापराच्या खोलीइतकी जागा अडवणाऱ्या वस्तूवर मला शिकायचंही नाही. उरलेल्या पाइनमधून त्यांनी मला दाराजवळचा चपलांचा स्टँड करायला सांगितला आहे, या वेळी कुसू काढून.