सात महिने वापरलेलं पिवळं मल्टिमीटर: मोटर वाचली, बॅटऱ्या खाल्ल्या

आज सकाळी बॅटरी मेली. नऊ व्होल्टची चौकोनी, सोबत आलेली धरून ही चौथी. मीटर सेलूच्या मोंढ्यातून 280 रुपयांना आणलं आणि बॅटऱ्यांवर 135 घातले. म्हणजे म्हशीच्या जवळपास निम्म्या किमतीची पेंडच झाली. बटण फिरवून बंद करायचं विसरलं की हे महाशय चार-पाच दिवस शून्य दाखवत जागे राहतात नि मरतात. आपोआप बंद व्हायची सोयच नाही.

तरीही घेतल्याचा पस्तावा नाही. का, ते सांगतो.

आमचा बोअर घरापासून दीडशे मीटरवर, शेतातल्या आखाड्यावर. एक एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल. जानेवारीत ती नुसती घुंई करायला लागली, मिनिटभरात पॅनलवरचा ओव्हरलोड पडायचा. वायरमननं टेस्टर लावला, दिवा पेटला. "मालक, लाईन तर फुल हाय. मोटर गेली, काढून भरावी लागंल." मोटर वर काढायची म्हणजे पाईप, दोर, चार माणसं, आणि आतली तारेची गुंडाळी नव्यानं भरायचे पैसे वेगळे. मी म्हटलं, दोन दिवस थांब.

टेस्टरचा निऑन दिवा पेटायला नावापुरती धारा लागते. तार एका काडीवर लोंबकळत असली तरी तो पेटतोच. पहिल्यांदा मीटरनंही मला असंच फसवलं. मोटर बंद ठेवून पॅनलवर मोजलं तर 218! वायरमन हसला. मग मोटर चालू करून मोजलं, 183. त्याच वेळी घरच्या बोर्डावर 212. म्हणजे 29 व्होल्ट वाटेतच गळत होते, आणि धारा वाहत असेल तेव्हाच गळत होते.

पुतणी नववीत आहे, तिला धाराविद्युतचा धडा तोंडपाठ. "काका, धारा गुणिले रोध, सोपं आहे." अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जाऊन-येऊन 300 मीटर, रोध सव्वादोन ओहमच्या आसपास. मोटर 8 अँपिअर ओढते, म्हणजे 18 व्होल्ट वायरच खाणार. तो हिशेब लागला. उरलेले 11 कुठं गेले?

ते सापडले लिंबाखालच्या जोडात. मीटरच्या दोन्ही सुया एकाच तारेवर लावल्या, एक जोडाच्या अलीकडं, एक पलीकडं. वायरमन म्हणाला, एका तारेत कसले व्होल्ट? चांगल्या जोडावर जवळपास शून्यच यायला पाहिजे. इथं 11 आले. अकरा गुणिले आठ, 88 वॅट, सगळे त्या काळ्या टेपच्या आत तापत होते. मेन पाडून जोड उघडला. तांबं हिरवं पडलेलं, दोन-तीन काड्या कशाबशा धरून. घासून, नवा कनेक्टर घालून आवळला. पॅनलवर 194 आले आणि मोटर उचलली.

अकरा व्होल्टनं एवढा काय फरक, असं माझा भाऊ म्हणतो. पण मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. 230 च्या जागी 183 मिळाले की जोर 63 टक्क्यांवर येतो. पाण्याचा भार तेवढाच, मग ती उचलणार कशी, जास्त धारा ओढून तापणारच.

इथं पाच तारे देऊन थांबणार होतो. मार्चमध्ये मत बदललं. एका संध्याकाळी घरात 268 दिसले. न्यूट्रलची तार तुटली की व्होल्ट असे भडकतात, तेच झालं समजून फ्रिजची पिन उपटली, गल्लीभर टीव्ही बंद करायला लावले, लाईनमनला फोनवर नको ते बोललो. तो आला, त्याच्या मीटरवर 231. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं बारीक चित्र होतं, ते मला शोभेचं वाटलेलं. बॅटरी उतरली की आतलं मापच आखूड होतं, आणि गज आखूड असला की कापड जास्त भरतं. मेलेलं मीटर परवडलं, खोटं बोलणारं नाही. लाईनमनला चहा पाजला, माफी मागितली. दुकानदाराकडं गेलो तर म्हणे, "बॅटरीची गॅरंटी नसती भाऊ."

अजून एक, घेणाऱ्यांनी ऐकून ठेवा. 10 अँपिअरचं भोक फक्त डीसीसाठी आहे आणि त्याला आत फ्यूज नाही. मेहुण्यानं लाल वायर त्या भोकात ठेवूनच सुया सॉकेटात घातल्या. धारा मोजणारं मीटर एकसर, म्हणजे तारेच्या वाटेत मधे, जोडायचं असतं, त्याचा रोध जवळपास शून्य. समांतर घातलं की फेज-न्यूट्रलचा सरळ शॉर्ट. फट्ट झालं, एमसीबी पडला, सुईचं टोक वितळलं. मेहुणा शाबूत आहे. सुया मात्र नवीन घ्याव्या लागल्या, त्याचेही पैसे मीच दिले.

तीन तारे. आपोआप बंद होणारं दीड-दोनशेनं महाग आहे, ते घ्यायचा जीव होत नाही. बंदच्या खुणेवर लाल नेलपॉलिश लावून ठेवलंय, घरचे आता विसरत नाहीत. पण तोच वायरमन हल्ली दर आठवड्याला येतो, "मीटर द्या की मालक." परवा नेलं, काल आणून कोनाड्यात ठेवून गेला. आज बघतो तर बटण व्होल्टवरच.