आझाद हिंद बँकेची नोट आणि रंगूनचे आजोबा

अडतीस हजार रुपये गेले याचं दुःख आहेच. पण ज्या कागदाला मी हात धुऊन, देवासमोर बसावं तसा बसून हात लावला, तो घरगुती प्रिंटरवर छापलेला निघाला, हे जास्त लागलं. जुन्या नोटा जमवणाऱ्यांनी सावध व्हावं म्हणून सगळं लिहितो आहे.

मी रत्नागिरीचा. थोडाच काळ टिकलेल्या क्रांतिकारी सरकारांच्या नोटा जमवतो. सुरुवात फ्रेंच राज्यक्रांतीतल्या आसिन्यांपासून झाली. चर्चच्या जप्त केलेल्या जमिनींच्या तारणावर काढलेल्या या नोटा इतक्या बेसुमार छापल्या गेल्या, की अखेर १७९६ साली पॅरिसमध्ये त्यांच्या छपाईचे साचे भर चौकात जाळावे लागले. आजही त्या तशा स्वस्तात मिळतात आणि जुना कागद हाताला कसा लागतो हे शिकवतात. नंतर १९१९ साली १३३ दिवस चाललेल्या हंगेरीच्या सोव्हिएत सरकारची एक नोट मिळाली. पण मनात होती ती आपल्या आझाद हिंद बँकेची, म्हणजे नेताजींच्या आझाद हिंद सरकारच्या बँकेची नोट.

मे महिन्यात राजापूरकडचा म्हणून एकाचा फोन आला. मग तो घरीच आला. पस्तिशीचा, नम्र. "काका, आजोबा रंगूनला गोदीत होते. बॉम्ब पडायला लागले तेव्हा बेचाळीस साली पायी निघाले. ट्रंकेत ही सापडली. पावसाआधी घर शाकारायचंय, नाहीतर विकली नसती." नेताजींचं चित्र, हिंदुस्थानचा नकाशा, पिवळा पडलेला कागद. ब्रह्मदेशातून रत्नागिरीला हद्दपार केलेल्या थिबा राजाचा राजवाडा बघत वाढलेल्या माणसाला ब्रह्मदेश परका वाटत नाही. माझे डोळे भरून आले. "कुणाला दाखवू नका, सरकार जप्त करेल," असंही तो म्हणाला. त्याच क्षणी त्याला उठवायला हवं होतं. दुसऱ्या जाणकाराची नजर नोटेवर पडू नये, एवढ्यासाठीच ते वाक्य होतं. मी जागेवरच यूपीआयने पैसे पाठवले.

आठ दिवसांनी नोट दहापट भिंगाखाली धरली. नेताजींच्या चेहऱ्यात गुलाबी, निळे, पिवळे ठिपके, म्हणजे रंगीत प्रिंटरची छपाई. घडीवर रंग कुठेच तुटलेला नाही, म्हणजे आधी घडी घातलेल्या कागदावर छपाई. बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानात नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली ठेवली, तर डागांच्या मधला कागद निळसर चमकला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात त्या रसायनाची ही चमक, आणि ते कागदात येऊ लागलं १९५० च्या आसपास. कागद चमकला नाही म्हणून नोट खरी ठरत नाही, हेही लक्षात ठेवा. जुना कोरा कागद वापरणारेही असतात. पिवळेपणा बहुधा चहाच्या पाण्याचा, सगळीकडे सारखा. आणि कोकणातल्या ट्रंकेत ऐंशी पावसाळे काढलेल्या कागदाला ना कसर लागली, ना बुरशीचा ठिपका! माझ्या वडिलांची सातबाऱ्याची कागदं जाऊन बघा.

पण या सगळ्याची गरजच नव्हती. आझाद हिंद सरकार स्थापन झालं २१ ऑक्टोबर १९४३ ला, सिंगापुरात. बँक रंगूनला निघाली एप्रिल १९४४ मध्ये. बेचाळीस साली रंगून सोडलेल्या आजोबांच्या ट्रंकेत तिची नोट येणार कुठून? या तारखा मला पाठ होत्या. तरी त्याच्यासमोर एकही आठवली नाही.

त्याचा फोन बंद आहे. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यातही लेखी दिलं. पैसे गेल्यावर लगेच, त्याच दिवशी कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. मी आठ दिवस घालवले होते.

परवा वेंगुर्ल्याच्या एका मित्राने फोटो पाठवला. तीच नोट, तोच क्रमांक, विकणारा वेगळा. यावेळी आजोबा बोटीवर खलाशी होते. मी मित्राला एवढंच म्हटलं, आजोबा कोणत्या साली परत आले ते आधी विचार.